पानाचे मोल कोणाच्या पदरी?

चहा आणि तेंदू यांची झाडे परस्परांपासून फार दूर वाढतात; परंतु त्यांचे पान खुडणाऱ्यापुढचा प्रश्न एकच आहे. पान खुडावे गरिबाने आणि भाव ठरवावा दुसऱ्याने, असे का?

चहाचे हिरवे पान त्याच दिवशी कारखान्यात पोचावे लागते. ते थांबत नाही. म्हणून लहान शेतकऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. केनियात १९६४ साली लहान शेतकऱ्यांसाठी चहा विकास प्राधिकरण निघाले आणि पुढे कारखानेच शेतकऱ्यांच्या कंपन्यांच्या मालकीचे झाले. तेथे दरमहा काही रक्कम मिळते आणि विक्रीचा हिशेब झाल्यावर वर्षाअखेर उरलेला वाटा मिळतो.

आता मोहर्लीभोवतालचा आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख घ्या. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीमागे ७०,००० पाने! शिवाय जिवाचे भय आहेच. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या.

१९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार शासनाच्या हाती गेला. वनहक्काच्या २००६ च्या कायद्याने गौण वनोपजाची मालकी व विक्रीचा हक्क वनवासीयांना दिला. मेंढा (लेखा) गावाने २०११ साली या हक्काने आपला बांबू विकण्याची वाट मोकळी केली. पुढे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूही स्वतः विकू लागल्या.

मग हक्क मिळाला म्हणजे सर्व मिळाले काय? नाही. तेंदूचे पान वाळवून, गोणीत भरून ठेवता येते. चहाच्या पानाला नसलेली ही सवड आहे. पान थांबू शकते. पण तोडणाऱ्याचे पोट थांबू शकत नाही! घरात दाणे नसले की तो हाती येईल त्या भावाला माल देतो, आणि थांबण्याचा लाभ व्यापाऱ्याला मिळतो.

तेव्हा ग्रामसभेला तीन गोष्टी हव्यात: कोरडे गोदाम, मजुरी तत्काळ देण्यापुरते खेळते भांडवल आणि गावासमोर वाचला जाणारा चोख हिशेब. कायद्याने पान गावाचे केले आहे. त्याचे मोल गावाचे करणे हे आता संघटनेचे काम आहे.