गाडीतळ नसलेले नगर

पूर्वी आपल्याकडे बाजारपेठेचे गाव म्हटले की त्याच्या वेशीपाशी गाडीतळ असावयाचा. चार झाडांची सावली, एखादी विहीर, बैलांना पाणी पाजण्यासाठी दगडी डोणी आणि जवळच धर्मशाळा किंवा मारुतीचे देऊळ, एवढाच त्याचा थाट. माल घेऊन आलेला गाडीवान तेथे बैल सोडी, तीन दगडांची चूल मांडी, भाकरी खाई आणि गाडीखालीच अंग टाकी. 'तू कोठला, येथे का थांबलास' असे त्याला कोणी दरडावीत नसे. कारण त्याने आणलेल्या मिठावर आणि गुळावर गावाची चूल चालते, हे गावाला ठाऊक होते. हडपसरचा गाडीतळ आज बसथांब्याचे नाव म्हणून तेवढा उरला आहे. इतर अनेक ठिकाणी तेवढेही उरलेले नाही.

हे आठवण्याचे कारण करंजाडे. पनवेलहून गाढी नदी ओलांडली की ही वसाहत लागते. सिडकोने आखलेले रस्ते, क्रमांक दिलेले विभाग, चार-सात मजल्यांच्या इमारती, आणि सकाळी स्थानकाकडे धावणारा नोकरदार वर्ग, असे तिचे रूप आहे. नव्या विमानतळासाठी ज्यांना मूळ गावठाण सोडावे लागले, त्यांच्यापैकी काही कुटुंबेही याच परिसरात वसली आहेत. परंतु रात्री दहानंतर या वसाहतीच्या कडेच्या रस्त्यांवर दुसरीच वस्ती उभी राहते. ट्रक, टँकर, चाळीस फुटी पेटारे वाहणारे ट्रेलर एकामागे एक येऊन थांबतात. त्यांचे दिवे मालवतात आणि केबिनच्या काचांना आतून टॉवेल लागतात. पहाटे ही वस्ती उठून जाते. मागे उरतात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, तेलाचे डाग, आणि ज्याच्याविषयी सभ्य माणसे बोलत नाहीत ती घाण.

या वस्तीचे मूळ शोधावयास फार दूर जावे लागत नाही. न्हावाशेवाचे बंदर १९८९ च्या मे महिन्यात सुरू झाले. २०२४-२५ या वर्षात त्या बंदराने, वीस फुटी पेटाऱ्यांच्या मापाने मोजले तर, सत्तर लाखांहून अधिक पेटाऱ्यांची उलाढाल केली. कळंबोलीला लोखंड-पोलादाचा बाजार आहे. तेथूनच पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग निघतो. गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाचा आरंभ पनवेलचा. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचेही उद्घाटन झाले. एवढे सारे रस्ते जेथे एकत्र येतात, तेथे गाड्या थांबणारच. बंदरात माल केव्हा घेतला जाईल याची वेळ ठरलेली असते आणि कागदपत्रे पुरी होईपर्यंत ट्रेलरला बाहेर वाट पाहावी लागते. शहरात अवजड वाहनांना ठराविक तासांत बंदी असते. परतीचा माल मिळेपर्यंत रिकाम्या गाडीला कोठेतरी उभे राहावे लागते. ज्याला आपण 'रस्ता अडवून बसलेला ट्रकवाला' म्हणतो, तो बहुधा कोणाची तरी वाट पाहत असतो, आणि त्या वाट पाहण्याचे पैसे त्याला क्वचितच मिळतात.

कळंबोलीला ट्रक टर्मिनल आहे आणि बंदरानेही आपल्या गाड्यांसाठी मध्यवर्ती वाहनतळ उभारला आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याचे बंदरात काम आहे त्याची सोय निराळी आणि जो केवळ वाटसरू आहे त्याची निराळी. सोलापूरहून आलेला आणि उद्या पेणला जावयाचा ट्रक रात्री कोठे थांबणार, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. जेथे 'वाहने उभी करू नयेत' असे फलक शेकडो आहेत, तेथे 'वाहने येथे उभी करा' असे सांगणारा एखादा तरी फलक असावयास नको काय?

येथे एक कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातील रहिवाशांनी या गाड्यांविरुद्ध एक अर्ज केला. त्यावर माझी सही आहे, आणि ती करताना मला मुळीच संकोच वाटला नव्हता. शाळेतून येणारी मुले दोन ट्रेलरांमधून एकदम रस्त्यावर येतात, समोरून येणाऱ्या दुचाकीला ती दिसत नाहीत. रात्री शिकवणीहून परतणाऱ्या मुलींना त्या अंधाऱ्या रांगेपासून जावे लागते. पावसाळ्यात गटाराच्या कडेला पाऊल टाकवत नाही. या तक्रारी खऱ्या होत्या आणि आजही खऱ्या आहेत. अर्जाचा परिणाम झाला. काही दिवस दंड झाले, चाकांना कुलपे लागली, एका रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी कमान उभी राहिली. आम्ही समाधान मानले. महिन्याभराने लक्षात आले की ती रांग नाहीशी झाली नव्हती. ती महामार्गालगत, जेथे दिव्याचा खांबही नाही अशा ठिकाणी जाऊन उभी राहिली होती. वेगाने येणाऱ्या गाडीला उभा ट्रक शेवटच्या क्षणी दिसावा, अशीच ती जागा. पुढे थोड्याच दिवसांत अर्धी रांग परत आमच्याकडे आली.

त्या रांगेतील पाथर्डीकडच्या एका चालकाशी एकदा बोलणे झाले. माणूस पन्नाशीचा. मी जरा शिक्षकी आवाजात त्याला गाडी काढावयास सांगितले. तो म्हणाला, "सर, काढतो. पण कुठं लावू ते सांगा. तुम्ही बोट दाखवा, तिथं नेऊन लावतो." माझ्याजवळ बोट दाखविण्यासारखी जागा नव्हती. मग त्यानेच सांगितले, की डिझेल घेतले तर काही पंपांवर संडास उघडा मिळतो, एरवी कुलूप; ढाब्यावर जेवण केले तर गाडी उभी करता येते, पण तेथे रात्री कोणी डिझेल काढील या भीतीने झोप लागत नाही. आंघोळ पाच लिटरच्या कॅनमध्ये उरकते. हे तो गाऱ्हाण्याच्या सुरात सांगत नव्हता, आपण गाडीचे वेळापत्रक सांगावे तसे सांगत होता.

वास्तविक पाहता या माणसाची आठवण कायद्याला फार पूर्वीच झाली होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने असे बंधन घातले होते, की कामगाराला जेथे रात्री मुक्काम करावा लागतो तेथे मालकाने विश्रांतीची खोली पुरवावी. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना लागू होता. आणि आपल्याकडील माल वाहतुकीचा मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे, ज्यांतील कित्येक स्वतःच चालक आहेत. त्यांनी खोली कोणाला आणि कोठे पुरवावी? आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमात वाहने उभी करण्याच्या व थांब्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे. अधिकार आहे, जागा नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित असावी असाही नियम झाला. नियम चांगला आहे. फक्त इंजिन बंद केले की बहुतेक गाड्यांतील थंड हवाही बंद होते. तेव्हा मे महिन्यात तो चालक इंजिन चालू ठेवून झोपणार आणि आम्ही रहिवासी त्या घरघरीवर आणखी एक अर्ज लिहिणार!

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा आहे असे नाही. अमेरिकेत २००९ साली जेसन रिव्हनबर्ग नावाचा ट्रकचालक माल पोचविण्याच्या वेळेआधी पोचला. थांबण्यास सुरक्षित जागा न मिळाल्याने तो दक्षिण कॅरोलिना राज्यातील एका ओसाड पेट्रोल पंपावर थांबला, आणि अवघ्या सात डॉलरांसाठी तेथे त्याचा खून झाला. त्याच्या पत्नीने हा विषय लावून धरला आणि २०१२ साली ट्रकांच्या वाहनतळांसाठी संघराज्याचा निधी वापरता येईल अशी तरतूद कायद्यात झाली. ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. युरोपीय संघात साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विश्रांती घेणे बंधनकारक आहे. आठवड्याची पूर्ण, पंचेचाळीस तासांची विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेता येणार नाही, असा निर्णय तेथील न्यायालयाने २०१७ साली दिला. सारांश, गाडी हे झोपण्याचे ठिकाण नव्हे, असे त्यांनी ठरविले. आपण अजून ती गाडी कोठे उभी करावी येथेच अडलो आहोत.

आता यातील विलक्षण भाग पाहा. चाकांवरच्या घरात राहणाऱ्या माणसाला रात्री थांबण्यास जागा, पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि मैला रिकामा करण्याची सोय हवी असते, हे आपल्या राज्य सरकारला मान्य आहे. त्यासाठी २०२१ साली स्वतंत्र धोरणच जाहीर झाले. मात्र ते आहे 'कॅरॅव्हॅन' पर्यटनाचे! अंथरूण, शेगडी आणि शौचालय आत असलेल्या मोटारीतून हौसेने हिंडणाऱ्या प्रवाशांसाठी ते आहे. त्या धोरणाला माझा विरोध नाही. मध्यमवर्गीय कुटुंबे पुढेमागे अशा गाडीतून कोकण पाहू लागली तर आनंदच आहे. परंतु जो हौसेने गाडीत झोपतो त्याच्यासाठी धोरण, आणि जो नाइलाजाने झोपतो त्याच्यासाठी दंडाची पावती, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकविला जातो?

बरे, या हौशी प्रवाशांचेही आपल्याकडे भागणार आहे असे नाही. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी ठिकठिकाणी 'डम्प स्टेशन' असते. नाव भारदस्त, पण वस्तू साधी: गटाराला जोडलेले झाकणाचे तोंड, त्याकडे उतरता केलेला सिमेंटचा ओटा, धुण्यासाठी एक नळ, आणि त्यापासून दूर पिण्याच्या पाण्याचा दुसरा नळ. गाडीच्या टाकीची नळी तोंडात सोडायची, टाकी रिकामी करायची, ओटा धुऊन पुढे निघायचे. ज्या गाड्यांत दुर्गंधी मारण्यासाठी तीव्र रसायन वापरतात, त्यांचा मैला साध्या सेप्टिक टाकीत ओतता येत नाही. तेथील जिवाणू मरतात आणि टाकीचे कामच थांबते. म्हणून हे तोंड भुयारी गटारालाच, म्हणजे शेवटी मलप्रक्रिया केंद्राला जोडलेले असावे लागते. गोव्याच्या वाटेवर निघालेल्या कॅरॅव्हॅनचा पहिला किंवा परतीचा शेवटचा मुक्काम पनवेलच्या परिसरात पडणे स्वाभाविक आहे. तिने आपली टाकी कोठे रिकामी करावी? गाढी नदी जवळ आहे आणि खाडीही जवळ आहे, हेच उत्तर आपण न बोलता देत आहोत.

याहून मोठा धोका मैला उपसणाऱ्या टँकरांचा. जेथे भुयारी गटार पोचलेले नाही तेथे सेप्टिक टाक्या आहेत. त्या उपसणारा टँकर भरला की तो रिकामा कोठे होतो, हे विचारण्याचे आपण शिताफीने टाळतो. पण विचारले तर उत्तर सापडते, हे राज्यातील दोन लहान गावांनी दाखवून दिले आहे. साताऱ्याजवळील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील नगरपालिकांनी प्रत्येक घराची टाकी ठरलेल्या क्रमाने उपसण्याची आणि तो मैला प्रक्रिया केंद्रात नेण्याची व्यवस्था बसविली. तक्रार आल्यावर टँकर पाठवावयाचा नाही, पाळी आली की तो जातो. आणि पंढरीच्या वाटेचे उदाहरण तर प्रत्येक मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. लाखो वारकरी रोज नव्या गावी मुक्काम करतात. पालखीतळाची जागा ठरलेली असते, आणि गेल्या दशकात तेथे फिरती शौचालये उभी करून त्यांतील मैला उपसून नेण्याचे कामही सुरू झाले. त्याआधी पालखी पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या गावाचे काय होई, हे त्या वाटेवरच्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. म्हणजे चालत्या वस्तीचा मुक्काम आणि तिची स्वच्छता ही आपल्याला न जमणारी विद्या नव्हे. वारकरी आपले वाटतात. ट्रकचालक वाटत नाही, एवढाच फरक आहे.

जागा कोठून आणावयाची, हा आक्षेप येईल. नव्या मुंबईत जागेचा भाव काय आहे हे मला, हप्ते भरणाऱ्या माणसाला, सांगावयास नको. तथापि उड्डाणपुलांच्या बाजूला आणि महामार्ग व वसाहत यांच्यामधील पट्ट्यांत, जेथे घर बांधता येत नाही अशा जमिनी पडून आहेत. तीस-चाळीस गाड्यांची सपाट जागा, दिवे, एक पहारेकरी, दहा शौचालये, स्नानगृहे आणि गटाराला जोडलेले ते एक झाकणाचे तोंड, एवढ्यावर काम सुरू करता येईल. त्याच तोंडाशी दिवसा मैल्याचे टँकर आणि फिरती शौचालये रिकामी व्हावीत, रात्री एखादी कॅरॅव्हॅन यावी. तेल कंपन्यांनी काही पंपांवर चालकांसाठी 'अपना घर' या नावाने विश्रांतिस्थाने सुरू केली आहेत. ती उपयुक्त आहेत, पण पंपाची जागा पंपाला हवी असते आणि तेथील खाटा मोजक्याच.

पहिल्या रात्रीचे शुल्क मात्र घेऊ नये. ज्या चालकाला खर्चासाठी दिवसाला ठराविक रक्कम मिळते, तो त्यातून वाहनतळाचे पैसे देण्याऐवजी रस्त्याची कडा निवडणार, हे उघड आहे. मग रिकामा वाहनतळ दाखवून 'पाहा, यांना शिस्तच नको' असे म्हणण्यास आपण मोकळे. दुसऱ्या रात्रीपासून खुशाल पैसे घ्यावेत, नाहीतर तेथे बंद पडलेल्या गाड्यांचेच संग्रहालय होईल.

आमच्या भागातील काही मंडळींना ही कल्पना पटलेली नाही. वाहनतळ केला तर आणखी गाड्या येतील, असे त्यांचे म्हणणे. आणि ते अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्यासाठीच ही जागा शाळेपासून आणि घरांपासून दूर, महामार्गाच्या अंगाला असली पाहिजे, आणि ती झाल्यावर वसाहतीतील रस्त्यांवर दंडाचा नियम कडकपणे पाळला गेला पाहिजे. दुसरा अर्ज लिहून तयार आहे. पहिल्या अर्जावर दोनशेच्या वर सह्या होत्या. या अर्जावर आजपर्यंत एकोणीस झाल्या आहेत. त्यांतील दोन सह्या अशा लोकांच्या आहेत, ज्यांचे वडील ट्रक चालवीत असत.