उपास अन्नाचा, फिटच्या गोळीचा नाही!

वॉर्डात असताना पाहिलेलं. ऑपरेशनसाठी आलेल्या एका ताईंनी "उपाशी राहा" ऐकून सकाळची फिटची गोळीही टाळली. तासाभरात फिट आली, ऑपरेशन पुढे गेलं.

भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून उपाशी ठेवतात. साधारणपणे हलकं जेवण, दूध, दुधाचा चहा 6 तास आधी बंद. मटण, तळलेलं 8 तास. साधं पाणी 2 तास. फिटची गोळी मात्र नेहमीच्या वेळी, घोटभर पाण्यासोबत घ्यायची असते. भूलतज्ज्ञांना गोळ्यांची पाकिटं दाखवा, शेवटची फिट कधी आली ते सांगा. पोट फुगतं, उलट्या होतात? तेही सांगा, अशा पोटातून अन्न उशिरा पुढे सरकू शकतं. ऑपरेशन लांबलं तर पुढच्या गोळीचं विचारा.

विचारायला लाजू नका, तो आपला हक्क आहे. जय भीम!