गाळणीत आलेली डबक्याची हकिकत

फिशटँकमधल्या माशांसाठी जिवंत खाणं हवं असेल, तर नितळ तळ्याच्या वाटेला जाऊ नये. म्हशी डुंबतात, पाणी शेवाळाने हिरवंगार झालंय आणि मुख्य म्हणजे मासे नाहीत, असं डबकं शोधावं. पहाटे जावं, कारण ऊन चढलं की हे जिवंत खाणं, म्हणजे जलपिसू नावाचे चिमुकले जीव, खाली उतरतात. तलम कापडाची जाळी हळूहळू फिरवावी आणि आलेला ऐवज पांढऱ्या वाटीत ओतावा. चतुराच्या अळ्या आधी वेचून काढाव्यात. त्या टँकमधल्या पिल्लांचा फडशा पाडतात.

आता भिंग लावा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव झटके देत पोहताना दिसतील. अंग इतकं पारदर्शक, की पाठीशी धडधडणारं हृदय दिसतं, हिरवं आतडं दिसतं आणि पाठीवरच्या पोकळीत वाढणारी पिल्लंही दिसतात. सुगीच्या दिवसांत या सगळ्या मुलीच असतात, बापाविना जन्मलेल्या, हुबेहूब आईच्या प्रती!

आणखी नवल म्हणजे डबक्याचे हाल त्यांच्या अंगावर उमटतात. पाण्यात प्राणवायू कमी झाला, की त्या हिमोग्लोबिन वाढवतात आणि लालसर होतात. आपल्याकडे आढळणाऱ्या ‘डॅफ्निया लुमहोल्त्झी’ या जलपिसूच्या जातीला तर पाण्यात माशांचा नुसता वास लागला, तरी तिच्या पिल्लांच्या डोक्यावर लांब अणकुचीदार काटा येतो. मग छोट्या माशांना तो घास गिळणं अवघड होतं.

गर्दी वाढली, अन्न घटलं, की अचानक नर जन्मतात. मीलनानंतर मादीच्या पाठीवर खोगिरासारखं काळसर कवच तयार होतं. डॅफ्निया या जलपिसूंत त्यात बहुधा दोन अंडी असतात. कात टाकताना ते कवच सुटतं, गाळात रुततं आणि डबकं कोरडं पडलं तरी आतली अंडी तग धरतात. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका सरोवराच्या गाळातून काढलेल्या, सुमारे ७०० वर्षं जुन्या अंड्यांतून शास्त्रज्ञांनी जिवंत डॅफ्निया जन्माला घातल्या. ते संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून जाळीत पाठीवर काळा डाग असलेल्या माद्या दिसू लागल्या, की हात आवरता घ्यावा आणि त्या परत सोडाव्यात. डबकं आटल्यावर तळाची मूठभर माती घरी आणून सावलीत वाळवून ठेवावी. पुढे कधीतरी तिच्यावर पावसाचं पाणी घालून ती उजेडात ठेवली, की काही दिवसांत त्या पाण्यात पहिल्या जलपिसू झटके देऊ लागण्याची शक्यता असते.