शिफारशीमागची अडत

महागाव तालुक्यात कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरांतील मुलांना अडत म्हणजे काय, ते समजावून सांगावे लागत नाही. अडत्या माल विकून देतो आणि त्याचा मोबदला घेतो. तो हिशेबपट्टीवर लिहिलेला असतो. त्याच्या दराबद्दल कुरकुर असेल, पण तो आहे हे लपलेले नसते. हीच मुले आता मोबाइलवर एखाद्या लोकप्रिय व्यक्तीचा शेतीविषयक व्हिडिओ पाहतात. ‘हा बॅटरी पंप मी स्वतः वापरतो, लिंक खाली दिली आहे,’ असे ती सांगते. या लिंकमध्येही पुष्कळदा अडत असते. तिला ‘अ‍ॅफिलिएट लिंक’ म्हणतात. तिची पट्टी मात्र आपल्या हाती येत नाही.

ही अडत मोजतात कशी? लिंकच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर बरीच अक्षरे व आकडे असतात. शिफारस करणाऱ्याची खूण बहुधा त्यांतच दडलेली असते. लिंक दाबली की दुकानाचा संगणक ती खूण वाचतो आणि आपल्या ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची छोटी नोंद ठेवतो. अ‍ॅमेझॉनच्या १९९६ साली सुरू झालेल्या योजनेत या नोंदीची मुदत साधारणपणे २४ तासांची असते. तेवढ्या वेळात आपण पंपाऐवजी चपला घेतल्या, तरी कमिशन त्या खुणेच्या मालकाला मिळू शकते! वर्गात हे पडताळून पाहता येईल. अशा लिंकने उघडलेल्या पानाच्या पत्त्यातील प्रश्नचिन्हापासूनचा भाग खोडावा आणि उरलेला पत्ता पुन्हा उघडावा. वस्तूचे पान बहुधा तसेच उघडते, आणि किंमतही सहसा तीच दिसते.

किंमत तीच, तर बिघडले कोठे? बिघडते ते निवडीत. कमिशन विक्रीवरच मिळते. ‘घेऊ नका’, ‘थांबा’, ‘जुना पंप दुरुस्त करा’ या सल्ल्यांना दमडीही मिळत नाही. सांगणारा प्रामाणिक असला, तरी हा ओढा राहतोच.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचेच पाहा. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावेत. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात ८ ते १० पतंग आले, की नुकसानीची पातळी गाठली असे समजावे, ही कृषिशास्त्रज्ञांची शिफारस आहे. तोवर सल्ला एकच: मोजत राहा. या सल्ल्याची लिंक कोण देणार? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तेथे लिंकचा संबंध नव्हता. पण औषध विकणाऱ्यालाच ‘काय फवारू?’ असे विचारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि लिंकने ती घरात आणली आहे.

कायद्याने यात काही पावले टाकली आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शिका काढली. पैसेच नव्हेत, तर फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल किंवा नातेसंबंधही उघड करावा, असे ती सांगते. व्हिडिओत हा खुलासा दिसला पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. खालच्या मजकुरात नुसता टाकून भागत नाही. मराठीत तासभर बोलून तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत चार शब्द लिहिणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

मात्र खुलासा केला, तरी न दिलेला सल्ला दिसत नाही. तो शोधण्यासाठी विद्यार्थ्यांना आपापल्या आवडीचे दहा व्हिडिओ निवडायला सांगावे. वस्तू कोणती, लिंक आहे का, खुलासा कोठे व कोणत्या भाषेत, हे रकाने आखावेत. आणखी एक रकाना ठेवावा: ‘ही वस्तू कोणी घेऊ नये, हे सांगितले का?’