मक्याचा भाव पडला तर?



इलिनॉयमधील मॅकलीन काउंटीत राहणारे आम्ही बहुतेक जण काँप्युटरवर काम करतो. शेताशी आमची ओळख गाडीच्या खिडकीतून! पण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठी असलेली ही काउंटी मका आणि सोयाबीन पिकवण्यात साऱ्या देशात आघाडीवर आहे. "शेतकऱ्यांना सरकार फुकट पैसे देते," असे मुले शाळेत ऐकतात. हे खरे का? गणित मांडून पाहू या.

सुरुवात १९३३ साली झाली. महामंदीत धान्याचे भाव कोसळले होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने ठरवले की जो पेरा कमी करील त्याला पैसे द्यायचे. सुप्रीम कोर्टाने १९३६ मध्ये तो कायदा रद्द केला, पण १९३८ मध्ये नवा आला. पुढे १९९६ च्या कायद्याने भाव चढो वा पडो, ठराविक रक्कम मिळू लागली. २०१४ च्या कायद्याने ती पद्धत बंद केली.

आता दोन मुख्य योजना आहेत. पहिली भावाची. प्रोग्रॅमच्या भाषेत सांगायचे तर, जर बाजारभाव ठरवलेल्या भावाखाली गेला, तरच फरक द्या, नाहीतर शून्य. दुसरी योजना उत्पन्नाची. पूर्ण काउंटीचे एकरी उत्पन्न नेहमीपेक्षा बरेच घटले, तर मदत मिळते. एकट्याच्या शेतात गारा पडल्या तर या योजनेतून काही मिळत नाही. त्यासाठी पीक विमा असतो आणि त्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरते.

उदाहरण घेऊ. समजा, ठरवलेला भाव बुशेलला (सुमारे २५ किलो) ४ डॉलर आणि बाजारातील वर्षाचा सरासरी भाव ३ डॉलर ८० सेंट. फरक २० सेंट. शेताच्या नोंदीत मक्याचे १०० एकर आणि एकरी १५० बुशेल लिहिले आहेत. पैसे ८५ टक्के एकरांवरच मिळतात. म्हणून ०.२० × १५० × ८५ = २,५५० डॉलर. गंमत म्हणजे ही नोंद जुनी असते. यंदा तिथे काय पेरले ते पाहात नाहीत.

म्हणजे 'फुकट' हा शब्द बरोबर नाही. चांगल्या वर्षी काहीच मिळत नाही. पण तक्रारींतही तथ्य आहे. ज्याचे एकर जास्त त्याला रक्कम जास्त, जरी माणशी कमाल मर्यादा असली तरी. भाजी-फळे पिकवणारे या दोन्ही योजनांत बसत नाहीत. आणि हा पैसा तुमच्या-आमच्या करातून येतो.

याचा धागा आपल्या विदर्भापर्यंत जातो. अमेरिकेच्या कापूस अनुदानामुळे जगातील भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली आणि जिंकली. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. यवतमाळचा शेतकरी त्याच जागतिक भावाला बांधलेला असतो. भारत सरकार हमीभाव जाहीर करते, पण सरकारी खरेदी केंद्रापर्यंत सर्वांचा माल पोचत नाही.

मुलांनो, बाजारभाव ३ डॉलर ५० सेंट झाला तर वरच्या शेताला किती मिळतील? उत्तर पुढच्या रविवारी वर्गात सांगा. आणि पालकहो, मुलांनी विचारले, "हे न्याय्य आहे का?" तर घाईने हो-नाही म्हणू नका. आधी आकडे त्यांच्यासमोर ठेवा.