उंटावरच्या मुक्कामाची शिदोरी

जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर, सम येथील वालुकाराशींत वाटाड्यासमवेत रात्र कंठू इच्छिणाऱ्या प्रवाशाला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा अनुकूल काळ साधला तरी, मध्याह्नीचे प्रखर ऊन आणि पहाटेची कडाक्याची थंडी या उभयतांचा बंदोबस्त एकाच सामानात करावा लागतो. सबब सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, लोकरी स्वेटर, कानटोपी आणि नाकातोंडावर गुंडाळण्याजोगा पंचा अवश्य घ्यावा. माणशी, दररोज किमान ४ लिटर पाणी हवेच. सामान मऊ पिशव्यांत, खोगिराच्या दोन्ही बाजूंस समतोल लटकेल असे बांधावे. टणक पेटीचा हव्यास उंटालाही मानवत नाही. भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडे कपड्यांत रुततात, म्हणून बंद बूट व बारीक चिमटा जवळ असावा. सरहद्दीलगतच्या अधिसूचित गावांकडे जायचे असल्यास परवान्याची तजवीज आधीच करावी.