नवी बॅटरी घेण्यापूर्वी चार्जिंग तपासा

वाशीम जिल्ह्यातील कापडाचा किरकोळ धंदा आजही मोठ्या प्रमाणात आठवडी बाजारांवर चालतो. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा असे बाजार धरायचे, तर माल टेम्पोत घालून पहाटेच निघावे लागते. अशा वेळी किल्ली फिरवावी आणि सेल्फने नुसता 'टक' असा आवाज करून गप्प बसावे, म्हणजे त्या दिवसाची विक्री गेलीच. बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. ज्याने माल उधारीवर उचललेला आहे, त्याला तर हा एक चुकलेला बाजार महिनाभर पुरतो.

गाडी सुरू झाली नाही की आपण ताबडतोब बॅटरीला दोष देतो आणि हजारो रुपये खर्चून नवी बॅटरी बसवतो. पंधरा दिवसांत तीही बसते. आमच्या परिचयातील एका फिरत्या व्यापाऱ्याने एकाच हंगामात दोन बॅटऱ्या बदलल्या. शेवटी दोष निघाला तो सैल झालेल्या पट्ट्यात! म्हणूनच हा विषय आपल्या व्यापारी बांधवांनी नीट समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

जमा आणि खर्च

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर बॅटरी म्हणजे गल्ला आणि अल्टरनेटर म्हणजे विक्री. गल्ल्यातून सकाळी थोडी रक्कम काढून दुकान उघडायचे. नंतर दिवसभराचा खर्च विक्रीतून भागला पाहिजे आणि संध्याकाळी गल्ला पुन्हा भरलाही पाहिजे. सेल्फ मारताना बॅटरीतून वीज जाते. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर दिवे, हॉर्न, पंखा सर्वांना वीज पुरवतो आणि बॅटरीही भरतो. विक्रीच बंद असेल, तर गल्ला कितीही मोठा आणा, तो रिकामा होणारच.

आपल्याकडील मिस्त्री अल्टरनेटरला आजही 'डायनॅमो'च म्हणतात. इंजिनचा पट्टा त्याचा रोटर फिरवतो. कार्बनच्या दोन छोट्या ब्रशांतून रोटरला थोडी वीज मिळते, त्याचे चुंबक होते आणि बाहेरच्या गुंडाळीत उलटसुलट दिशेची वीज तयार होते. ही वीज बॅटरीला चालत नाही. डायोड तिला एकाच दिशेची करतात. दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून रेग्युलेटर असतो, त्याला मिस्त्री 'कटआऊट' म्हणतात. पट्टा, कार्बन, डायोड, कटआऊट, बेअरिंग आणि वायरिंग, बहुतेक बिघाड यांतच सापडतात.

मल्टिमीटरची तीन मोजमापे

इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावावा.

पहिले मोजमाप : गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे सुमारे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

दुसरे मोजमाप : सेल्फ मारत असताना. आकडा खाली येणारच, परंतु तो साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी भरलेली असूनही तो फार खाली जात असेल, तर बॅटरी अशक्त झाली आहे किंवा सेल्फ जास्त वीज ओढत आहे. आकडा चांगला राहूनही सेल्फ फिरत नसेल, तर टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि सेल्फ तपासावा.

तिसरे मोजमाप : इंजिन चालू करून, थोडी रेस ठेवून. १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. मग हेडलाइट व पंखा चालू करावा, तरीही १३.५ च्या आसपास टिकले पाहिजे. इंजिन चालू असूनही आकडा १२.५ वरच अडकला किंवा हळूहळू उतरू लागला, तर अल्टरनेटरची वीज बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. याउलट १५ च्या वर गेला, तर बहुधा कटआऊट खराब आहे. अशा वेळी बॅटरीचे पाणी उकळून उडते, दिवे वारंवार जातात.

दोष कोठे शोधावा?

प्रथम इंजिन बंद करून पट्टा पाहावा. तो चिरलेला किंवा गुळगुळीत झालेला नसावा. साध्या पट्ट्याच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास तो सुमारे एक सेंटिमीटर दबावा. सेल्फ मारताच चिरकण्याचा आवाज येणे ही सैल पट्ट्याची खूण होय.

नंतर टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने धुऊन, टर्मिनल घट्ट करून वर व्हॅसलीन लावावे.

त्यानंतर वायर. इंजिन व हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या प्लसवर लावावे. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर वाटेत कोठेतरी जोड सैल किंवा गंजलेला आहे. असा दोष असताना अल्टरनेटर बदलून काही उपयोग होत नाही.

डॅशबोर्डवरील लाल दिव्याकडेही लक्ष द्यावे. किल्ली दिली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. किल्ली देऊनही लागत नसेल तर बल्ब, वायर किंवा कार्बनमध्ये दोष असू शकतो. चालत्या गाडीत मंद जळत राहिला तर डायोडचा संशय घ्यावा.

चार्जिंग बरोबर असूनही बॅटरी रात्रीतून उतरत असेल, तर वीज कोठेतरी गळत आहे. सर्व बंद करून मायनसची वायर काढावी व त्या जागी १० अँपिअरवर लावलेला मीटर मध्ये जोडावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत गळती चालते. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. खराब डायोडमधूनही रात्रभर अशी गळती होते.

बाजारातील दिव्यांचा हिशेब

आपल्यापैकी अनेक जण संध्याकाळी दुकानावर गाडीच्याच बॅटरीचे दिवे लावतात. २१ वॅटचे ४ बल्ब सुमारे ७ अँपिअर वीज घेतात. तीन तासांत २१ अँपिअर-तास खर्च झाले. ५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत हा दोन पंचमांश हिस्सा होतो. परतीच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात, तेही हेडलाइट लावून, तो पूर्ण भरून निघत नाही. इंजिन नुसते मंद चालू ठेवूनही फारसे साधत नाही, कारण कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर थोडीच वीज देतो. त्यापेक्षा एलईडी दिवे आणि त्यांच्यासाठी वेगळी छोटी बॅटरी, हा सौदा स्वस्त पडतो.

हे कटाक्षाने टाळा

चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनमध्ये बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते. त्याने दाब एकदम उसळून डायोड, कटआऊट आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना प्लस-मायनसची अदलाबदल झाली तरी तेच घडते. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो. पाणी भरण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड नव्हे. विदर्भातील उन्हाळ्यात हे पाणी लवकर आटते, म्हणून मार्चपासून दर पंधरा दिवसांनी पातळी पाहावी.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत चार्जिंग संगणकाच्या ताब्यात असते व व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त केले जाते. अशा गाडीत वरील आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे.

बॅटरी खरोखरच संपली असेल तर नवी घेताना हमीपत्रावर तारीख व शिक्का घ्यावा आणि जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्यावी. तिची किंमत बिलातून वजा होते. आतील शिसे विषारी असल्याने ती घरी फोडू नये, भंगारातही देऊ नये.

कापड आपण गजाने मोजल्याशिवाय फाडत नाही. बॅटरीवर पैसे टाकण्यापूर्वी पाच मिनिटे मीटर लावावा, इतकेच आमचे सांगणे आहे.